मराठा मंदिरचा साडेअकराचा खेळ: पाठ झालेल्या सिनेमाला लोक का जातात?

मुंबई सेंट्रल स्टेशनातून बाहेर पडून एसटी आगाराकडे वळलं की मराठा मंदिर दिसतं. १९५८ साली सुरू झालेलं हे एकपडदा थिएटर. स्टॉल आणि बाल्कनी मिळून हजाराच्या आसपास खुर्च्या. ‘मुघल-ए-आझम’चा ५ ऑगस्ट १९६०चा प्रीमियर इथलाच. पण हे प्रकरण त्या थाटामाटाचं नाही. ते सकाळी साडेअकराला लागणाऱ्या एका स्वस्त खेळाचं आहे.

‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ २० ऑक्टोबर १९९५ला प्रदर्शित झाला आणि मराठा मंदिरातून तो आजवर उतरलेला नाही. अपवाद करोनातल्या बंदीचा आणि फेब्रुवारी २०१५मधल्या एका छोट्या खंडाचा. त्या खंडाकडे पुढे येऊच. १२ डिसेंबर २०१४ला हजार आठवडे भरले, ऑक्टोबर २०२५मध्ये तीस वर्षं झाली. दिवसाला एकच खेळ धरला तरी पहिल्या हजार आठवड्यांचे सात हजार खेळ होतात.

लोक अजून थिएटरात का जातात, असं विचारलं की ‘नवा सिनेमा आधी तिथे लागतो म्हणून’ हे उत्तर हमखास येतं. इथे ते चालत नाही. हा सिनेमा टीव्हीवर वर्षानुवर्षं दाखवला गेलाय, कॅसेट, सीडी, डीव्हीडी असं करत तो मोबाइलवरही येऊन बसलाय. गोष्ट सगळ्यांना ठाऊक, संवाद पाठ, शेवटी गाडी सुटताना काय होणार हे शाळकरी पोरही सांगेल. थोडक्यात, नवलाई वजा झाली. तरीही कुणी स्टेशनवर उतरून, रांगेत उभं राहून तिकीट काढत असेल, तर ते पैसे थिएटरच्याच कुठल्यातरी गुणासाठी मोजले जातायत. तो गुण सुटा करून बघायला याहून सोयीचं प्रकरण सापडणं अवघड. वर्तमानपत्रं याला ‘विक्रम’ किंवा ‘आठवणींचा ओलावा’ म्हणून मोकळी होतात. पण विक्रम झाला म्हणून मंगळवारी सकाळी कोणी तिकीट काढत नाही. आणि आजच्या गर्दीत कॉलेजची मुलं एवढी असतात की त्यातल्या बहुतेकांचा जन्म १९९५नंतरचा. त्यांना आठवण कसली असणार?

सव्वानऊ आणि साडेअकरा

फेब्रुवारी २०१५मध्ये हा सिनेमा बंद करायचं ठरलं. १,००९ आठवडे झाले होते आणि प्रेक्षक घटले होते. १९ फेब्रुवारीचा खेळ शेवटचा म्हणून जाहीर झाला. त्याला २१० माणसं आली. त्यानंतर चाहत्यांची ओरड झाली, थिएटर आणि निर्मिती संस्था यांच्यात बोलणी झाली, आणि सिनेमा पुन्हा लागला. बातम्यांमध्ये गाजली ती चाहत्यांची माया. एक बारीक गोष्ट मात्र बाजूला पडली. तो ‘शेवटचा’ खेळ साडेअकराचा नव्हता, सकाळी सव्वानऊचा होता. मूळ वेळ दुसऱ्या सिनेमांसाठी मोकळी करून याला आधी सरकवलं होतं. पुन्हा सुरू झाल्यावर तो साडेअकरालाच रुळला, आणि त्यानंतरच्या वर्षांतली वर्णनं अशी आहेत: आठवड्याच्या मधल्या दिवशी जवळपास अर्धं थिएटर, रविवारी जवळपास भरलेलं.

सिनेमा तोच, पडदा तोच, तिकीटही जवळपास तेच. बदलली ती वेळ. सगळा फरक वेळेनेच पडला असं म्हणता येणार नाही, कारण बंदच्या बातमीने फुकटात जाहिरातही झाली. पण वेळेचा वाटा मोठा असावा, आणि त्याची कारणं अगदी व्यवहारातली आहेत.

सव्वानऊला आत बसायचं तर विरार-बोरिवलीहून निघणाऱ्याला चर्चगेटकडच्या ऐन गर्दीतल्या लोकलमध्ये घुसायला हवं. मौजेसाठी ती मारामारी कोण करणार? साडेअकराच्या खेळाला निघणारा मात्र दहा-सव्वादहानंतरच्या, जरा सैल झालेल्या गाडीने येतो. कॉलेजच्या पोरांचं पहिलं लेक्चर बसून होतं, बाकीची बुडवता येतात. घरून निघताना सांगायला कारणही असतं. सकाळी आठला निघायचं कारण शोधावं लागतं. रात्रीच्या गाडीने आलेला माणूस नायर रुग्णालयातलं किंवा बाजारातलं काम उरकून मोकळा होतो. ज्याला संध्याकाळी फ्लाइंग राणी किंवा दिल्लीची राजधानी पकडायची आहे, त्याच्या हातात नेमकी दुपार रिकामी असते.

दुसरं गणित खेळाच्या लांबीचं. सिनेमा १८९ मिनिटांचा आहे. साडेअकरा अधिक तीन तास नऊ मिनिटं म्हणजे दोन एकोणचाळीस. मध्यंतराची दहा-बारा मिनिटं धरली की तीनला थोडा अवकाश असताना दिवे लागतात. एकपडदा थिएटरांचा जुना पाढा बारा-तीन-सहा-नऊचा. एवढा लांब सिनेमा त्यातल्या बाराच्या घरात बसत नाही, पण अर्धा तास आधी सुरू केला की बरोबर बसतो, आणि झाडू मारायलाही वेळ उरतो. गाजलेल्या सिनेमाला मुख्य खेळांवरून काढून मॅटिनीला टाकायची आणि तिथे त्याला वर्षानुवर्षं पोसायची रीत मुंबईत जुनीच आहे. मिनर्व्हातला ‘शोले’ पाच वर्षं चालला, त्यातली नंतरची वर्षं मॅटिनीचीच.

चाळीस रुपयांत काय भागतं

तिकीट वर्षानुवर्षं वीस, तीस, चाळीस रुपयांच्या घरात राहिलंय. एवढ्यात थिएटरला परवडतं कसं, ते अंदाजे मांडून बघू. हे आकडे अशा आकाराच्या कुठल्याही सभागृहाला लागू पडणारे ठोकताळे आहेत, मराठा मंदिरचा ताळेबंद नव्हे.

हजार खुर्च्यांच्या हॉलला साधारण ७० टन वातानुकूलन लागतं. पंप, पंखे धरून त्याची तासाला ९० युनिटं. खेळाआधीचा पाऊण तास हॉल गार करायला लागतो, मग खेळाचे सव्वातीन तास. पूर्ण क्षमतेने चार तास चालवलं तर ३६० युनिटं. १२ रुपये युनिट धरलं तर ४,३२० रुपये. प्रोजेक्टर आणि ध्वनियंत्रणा यांची भर त्यामानाने किरकोळ. नंतर बुकिंग क्लार्क, डोअरकीपर, ऑपरेटर, सफाईवाले यांचा त्या खेळापुरता पगार. म्हणजे निर्मात्याचा हिस्सा देण्याआधीच सात-आठ हजारांचा खड्डा.

आता जमा. शंभर माणसं गुणिले ४० म्हणजे ४,०००. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर सप्टेंबर २०२५पासून जीएसटी ५ टक्के आहे (आधी १२ होता), तो काढला की ३,८०० उरतात. एसीचं बिलही निघत नाही. पाचशे माणसं आली तर १९,०००, आणि खेळ स्वतःच्या पायावर उभा राहतो. २०१५च्या त्या २१० जणांचं तिकीट सरासरी वीस रुपये धरलं तर हातात येतात ४,२००. थिएटरने बंदचा निर्णय घेतला त्यात मायेचा अभाव नव्हता, अंकगणित होतं.

कॅन्टीन या गणितात वरकड आहे, पण भोळसट अपेक्षा नको. चाळीस रुपयांचं तिकीट काढणारा माणूस अडीचशेचं पॉपकॉर्न घेत नाही. तो सामोसा आणि चहा घेतो, तोही भाव परवडला तर. मल्टिप्लेक्सचा नफा खाण्याच्या काउंटरवर उभा असतो. तो हिशेब इथे उचलून आणला की माणूस मध्यंतरात बाहेरच्या गाडीवर जातो.

थिएटरच्या बाजूने खरी जमेची गोष्ट म्हणजे ही वेळ एरवीही पडूनच असते. इमारत, परवाने, कायम नोकरीतली माणसं यांचा खर्च दुपारी तीनपासूनचे नवे सिनेमे उचलतात. साडेअकराच्या खेळाला फक्त स्वतःचा वाढीव खर्च काढायचा असतो.

अंधारात

आत बसलेल्याला मिळतं काय? पडद्यापासून सुरुवात करू, कारण तिथे एक गैरसमज पक्का बसलाय. थिएटरचं चित्र घरच्या टीव्हीपेक्षा उजळ असतं असं लोक समजतात. आहे उलट. थिएटरच्या पडद्यासाठी प्रमाण उजेड १४ फूट-लॅम्बर्ट, म्हणजे चौरस मीटरला ४८ कॅंडेला. साधा टीव्हीसुद्धा याच्या पाच-सहा पट उजेड फेकतो. थिएटरचं चित्र भरतं ते भोवतालच्या काळोखाने. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, आणि भिंती, घड्याळ, कपाट असं नजरेला टेकायला काहीच उरत नाही.

दुसरा मुद्दा कोनाचा. ४३ इंची टीव्ही साधारण ९५ सेंटिमीटर रुंद. तीन मीटरवरच्या सोफ्यावरून तो नजरेचे १८ अंश व्यापतो. १५ मीटर रुंद पडद्यापासून २० मीटरवर बसलात तर ४१ अंश. आता गंमत बघा: मोबाइल आडवा करून पस्तीस सेंटिमीटरवर धरला तर तो २४ अंश भरतो, म्हणजे टीव्हीपेक्षा जास्त. तरी मोबाइलवरचा सिनेमा कुणाला मोठा वाटत नाही. तेव्हा नुसता कोन पुरत नाही. डोळा किती दूरवर स्थिरावतो, पाहताना मान हलते की नाही, आणि मुख्य म्हणजे ते यंत्र थांबवणं आपल्या बोटात आहे की नाही, हे सगळं त्यात येतं. थिएटरात सिनेमा थांबवता येत नाही. तीन तास हातातून काढून घेतले जातात, आणि घरी कुणी काढून घेऊ देत नाही. कुकरची शिट्टी, पार्सलवाल्याची बेल, बॉसचा मेसेज.

तिसरी गोष्ट, आणि या खेळात हीच सगळ्यांत मोठी: शेजारची माणसं. नव्या सिनेमात हशा संवादानंतर येतो. इथे तो आधी येतो. नायिका पाठमोरी चालत जाते, नायक मनाशी ‘पलट’ म्हणतो. पण हॉलमध्ये ते पडद्यावर उच्चारायच्या आतच चारपाच गळ्यांतून निघालेलं असतं, दुसऱ्या वेळी पन्नास होतात, आणि तिसऱ्या वेळी, जो पहिल्यांदाच थिएटरात हे बघतोय तोही सामील होतो. ती वळते तेव्हाच्या शिट्ट्या तिच्यासाठी जितक्या, तितक्याच ‘आपण बरोबर वेळेवर म्हटलं’ याच्यासाठी. कीर्तनात पुढची ओळ सगळ्यांना ठाऊक असते म्हणून टाळ थांबत नाहीत. उलट ठाऊक असते म्हणूनच सगळे एकदम वाजतात. पाठ झालेला सिनेमा हा इथे दोष राहत नाही, ती पात्रता होते.

(शेवटचा रेल्वे फलाट गोष्टीत पंजाबातला आहे, चित्रीकरण मात्र आपल्या रायगड जिल्ह्यातल्या आपट्याचं. हे कुणीतरी शेजारच्याच्या कानात सांगतोच. सांगण्याची मजा अंधारात जास्त.)

बाल्कनीतल्या कोपऱ्यांबद्दल स्पष्ट बोललेलं बरं. प्रेक्षकांत तरुण जोडप्यांचं प्रमाण मोठं आहे. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं राहणाऱ्या शहरात, चाळीस रुपयांत तीन तास गार हवेत, कुणी ‘इथे का बसलात’ असं न विचारता शेजारी बसायला मिळणं ही सोय छोटी नाही. त्यांना सिनेमा किती दिसतो हा प्रश्न गौण. थिएटरवाल्यांना हे ठाऊक असतं, आणि जो डोअरकीपर विनाकारण बॅटरीचा झोत फिरवत राहतो तो गिऱ्हाईक तोडतो. पण कुणी त्रास देत असेल तिथे तोच झोत तत्काळ पोचायला हवा. एकट्याने आलेल्या बाया पुन्हा येतात की नाही, ते यावर ठरतं.

बिघडतं कुठे

गर्दीचा गुण फक्त आकड्यावर ठरत नाही, बसण्यावरही ठरतो. हजार खुर्च्यांत दोनशे माणसं विखरून बसली की एकाची शिट्टी दुसऱ्यापर्यंत पोचेस्तोवर विझते. तीच दोनशे माणसं स्टॉलच्या मधल्या-मागच्या दहा रांगांत बसवली तर आवाज पेटतो. म्हणून मधल्या वारी पुढच्या रांगा आणि कडेच्या खुर्च्या विक्रीतून काढून मधला पट्टा आधी भरावा. बाल्कनीला मात्र हा नियम लावू नये, कारण वर येणाऱ्याला अंतरच हवं असतं.

रिकाम्या हॉलचा दुसरा त्रास कानांना. माणसाचं अंग आणि कपडे आवाज शोषून घेतात. भरलेल्या हॉलमध्ये घुमणं एका सेकंदाच्या आसपास मिटायला हवं. खुर्च्या जाड कापडी असतील तर रिकामी खुर्चीही माणसाएवढंच शोषते आणि फरक पडत नाही. रेक्झिनच्या जुन्या खुर्च्या आवाज परतवतात. मग संवाद गुळमुळीत होतात, आणि ऑपरेटर आवाज वाढवतो. त्याने घुमणंही वाढतं.

उजेडाचं दुखणं दिव्याचं. तीन किलोवॅटचा झेनॉन दिवा सुमारे दीड हजार तासांचा. दिवसाला बारा तास चालला तर सव्वाशे दिवसांत त्याचं आयुष्य संपतं. तो एकदम मरत नाही, हळूहळू मंदावतो. काटकसर म्हणून आणखी महिनाभर ताणला जातो आणि प्रेक्षकाला कारण न कळता चित्र ‘जुनाट’ वाटू लागतं. प्रोजेक्टर खोलीच्या काचेवरची धूळ हा त्याहून स्वस्त शत्रू. मऊ कापडाने आठवड्यातून दोनदा पुसली तर पुरतं, पण ती कुणाच्याच कामाच्या यादीत नसते.

रिळांच्या काळात अशा रोजच्या खेळाला खरा धोका घासण्याचा होता. ३५ मिमी फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. १८९ मिनिटांना १७,०१० फूट, म्हणजे पाच किलोमीटरहून जास्त फिल्म रोज दातेरी चाकांवरून जायची. चीर पडली की ऑपरेटर दोन-चार फ्रेम कापून जोड द्यायचा, आणि पाठ असलेल्या प्रेक्षकाला गाण्यातला तो ठेचका ताबडतोब कळायचा. डिजिटलने ते संपवलं, पण नवा प्रश्न आणला तो किल्लीचा. सर्व्हरवरची फाइल कुलूपबंद असते आणि ती उघडणारी किल्ली ठरावीक तारखांपुरतीच चालते. नव्या सिनेमाची किल्ली वितरक आपणहून पाठवतो. वर्षानुवर्षं चालणाऱ्या जुन्या सिनेमाची मुदत वाढवून घ्यायची आठवण थिएटरलाच ठेवावी लागते. शुक्रवारी सकाळी अकरा वीसला हे लक्षात आलं तर प्रेक्षकांसमोर काळा पडदा उरतो.

दुसरीकडे चालेल का?

किमतीचा वाटा पडताळायला एक स्वतंत्र पुरावा आहे. २३ सप्टेंबर २०२२ला राष्ट्रीय चित्रपट दिनानिमित्त देशभरातल्या मल्टिप्लेक्सांनी तिकीट ७५ रुपये ठेवलं आणि त्या एका दिवसात सुमारे ६५ लाख माणसं आली. लोकांना थिएटर नकोसं झालेलं नव्हतं, अडीचशे-तीनशेचं तिकीट नकोसं झालं होतं. पण तो दिवस म्हणजे सण होता. रोजच्या मंगळवारची परीक्षा त्याने झाली नाही. जुने सिनेमे पुन्हा लावण्याची लाटही वेगळी. सप्टेंबर २०२४मध्ये ‘तुंबाड’ पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला, ते मुख्यतः २०१८ला ज्यांचा तो हुकला होता त्यांच्या जोरावर. तिथे नवलाई शिल्लक होती. काही आठवड्यांत ती संपते.

कोल्हापूर, सोलापूर, नागपूरच्या एखाद्या एकपडदा मालकाला हा खेळ उचलायचा असेल तर सिनेमा निवडणं शेवटी ठेवावं. आधी दाराबाहेर उभं राहून मोजावं: सकाळी दहा ते बारा या वेळेत हाताशी दोन-तीन तास असलेली किती माणसं पायी जातात? बसस्टँड, कॉलेज, मोठा दवाखाना यांतलं एकही पायी दहा मिनिटांत नसेल तर नाद सोडावा. मग बाकीच्या खेळांतून कायमचा खर्च निघतोय का ते बघावं. निघत नसेल तर हा स्वस्त खेळ तोटाच वाढवेल. सिनेमा असा हवा की ज्यात एकत्र म्हणता येतील अशा निदान दहा-बारा जागा आहेत. मराठीत विनोदी सिनेमे या बाबतीत जास्त कामाचे, गंभीर सिनेमे कितीही थोर असले तरी कमी. वेळ एकदा ठरली की तीन महिने हलवू नये. जाहिरात न करता माणूस ‘साडेअकराला तिथे असतोच’ म्हणून यायला लागेपर्यंत एवढा अवधी जातो.

आणि मध्यंतरात मोजणी करावी. नुसता एकूण आकडा लिहू नये. पुढचा स्टॉल, मागचा स्टॉल, बाल्कनी असे तीन रकाने, शेजारी वार, हवामान आणि कॉलेजच्या परीक्षा चालू आहेत का ते. मागच्या स्टॉलचा आकडा पावसाळ्यातल्या मंगळवारीही दीडशेच्या खाली जात नसेल, तर वीजबिल हातात घेऊन निर्मात्याशी हिश्श्याचं बोलायला बसावं.